हजाराचा आकडा : इंदूरच्या एका साडी-दुकानाच्या ऑनलाइन कोडचं प्रकरण

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू होणार हे जाहीर झालं. कापडवाल्यांच्या गल्ल्यावर थेट परिणाम करणारा एक बदल त्यात होता. तोवर शिवलेल्या कपड्यांवर नगामागे हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता मर्यादा अडीच हजारांवर गेली आणि तिच्यापुढचा दर १८ टक्के झाला. साडी मात्र कराच्या हिशेबात कापड आहे, शिवलेला कपडा नव्हे. त्यामुळे ती दोन हजारांची असो की वीस हजारांची, दर ५ टक्केच राहिला.

राजवाड्याच्या आसपास एक जुनं मराठी दुकान आहे. नाव देत नाही. माहेश्वरी आणि चंदेरी साड्या हा त्यांचा मूळ धंदा, गेल्या काही वर्षांत त्याला त्याच कापडाच्या कुर्त्यांची आणि शिवलेल्या ब्लाउजची जोड मिळाली. दुकान इंदुरात असलं तरी ऑनलाइन गिऱ्हाईक बरंचसं पुणे, ठाणे, नागपूर इथलं. माहेरची आठवण म्हणून माहेश्वरी मागवणाऱ्या इंदुरी लेकी त्यात पुष्कळ. वेबसाइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत, कुठल्याही तयार प्लॅटफॉर्मशिवाय, मुळापासून लिहिलेली. एकामागून एक आलेल्या डेव्हलपरांनी आपापल्या परीने ती वाढवली होती. सध्याचा मुलगा हुशार आणि कष्टाळू आहे, पण वारशात त्याला कोड मिळाला, समजावून सांगणारं कुणी मिळालं नाही.

दर बदलायचे म्हणून त्याने कोणीही केलं असतं तेच केलं. सगळ्या कोडमध्ये १००० शोधला आणि जिथे कराचा वाटला तिथे २५०० केला, १२ च्या जागी १८ केला. नवरात्राच्या पहिल्या माळेला तीन तक्रारी एकदम आल्या. हजाराच्या वर घरपोच मोफत होतं ते अडीच हजारांवर गेलं, कारण त्यातला एक १००० कुरिअरचा होता. कार्टमध्ये एक रक्कम दिसायची आणि ईमेलने येणाऱ्या बिलात दुसरी, कारण बिल बनवणाऱ्या फाइलमध्ये तीच अट कुणीतरी ‘१००१ किंवा जास्त’ अशी लिहिली होती आणि शोधात ती सापडलीच नाही. तिसरी तक्रार हिशेब पाहणाऱ्या वहिनींची. ऑगस्टमध्ये विकलेला कुर्ता परत आला तर त्याच्या क्रेडिट नोटवर, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणाऱ्या कागदावर, नवा दर लागत होता.

कोडची दुरुस्ती करायला मी गेलो, तेव्हा दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, “बाबा रे, सरकारने एक आकडा बदलला. एका आकड्यापायी एवढं सगळं कसं काय हललं?”

प्रश्न अगदी नेमका होता. कोड किती गुंतागुंतीचा आहे याची धंद्याच्या भाषेतली मोजणी हीच: बाहेर एक गोष्ट बदलली की आत किती ठिकाणी हात घालावा लागतो, आणि त्यातली किती ठिकाणं आपल्याला ठाऊकच नसतात. बाकीचे आकडे या प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करतात.

मोजायला काय काय वापरलं

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या मापाने केली. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे माप थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलं. फंक्शनमध्ये, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, जितके निर्णयबिंदू (वाट फुटते त्या जागा: इफ, लूप, केस, कॅच आणि अटींमधले आणि-किंवा) तितके मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. येणारी संख्या म्हणजे त्या फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा. मॅकेब यांनी वाजवी मर्यादा म्हणून १० सुचवली आणि बहुतेक साधनांमध्ये आजही तीच बसवलेली असते. पीएचपीएमडी हे मोफत साधन चालवलं की काही क्षणांत यादी मिळते.

यादीच्या डोक्यावर ३७ चा आकडा घेऊन एक फंक्शन बसलं होतं. उघडलं तर त्यात राज्याच्या नावावरून जीएसटीचा राज्य-कोड काढलेला: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, असं पुढे. २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश मिळून ३६ केस, त्यात एक मिळवला की ३७. वाचायला हे फंक्शन बाराखडीसारखं सरळ आहे आणि नवं राज्य झाल्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही. आकड्यापुरतं पाहिलं असतं तर दुरुस्तीचा पहिला दिवस इथेच गेला असता, आणि दुकानाचा एक रुपयाही वाचला नसता.

दुसऱ्या क्रमांकावर ३४ चं फंक्शन होतं, ऑर्डरची एकूण रक्कम काढणारं. दोघांत फरक फक्त तीनचा, पण ते वाचताना माणूस चौथ्या-पाचव्या ओळीत हरवायचा. इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात लूप, लूपमध्ये पुन्हा कूपनची अट. हा फरक पकडणारं माप सोनारसोर्स या कंपनीने पुढे आणलं, त्याला कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. त्यात अख्ख्या स्विचला, म्हणजे केसच्या पूर्ण यादीला, एकच गुण लागतो, पण खोलीचा दंड वाढत जातो: एकात एक अशा पाच इफना १ + २ + ३ + ४ + ५, म्हणजे १५. सायक्लोमॅटिक माप त्याच पाच इफना फक्त ६ देतं. या मापाने राज्य-कोडचं फंक्शन १ वर आलं आणि एकूण रकमेचं शंभरीपार गेलं. सोनारची नेहमीची मर्यादा १५ आहे.

तिसरं फंक्शन दोन्ही मापांतून निसटलं होतं, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं तेच होतं. सणांच्या सवलतींचं. संक्रांत, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, राखी, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराई: एकाखाली एक आठ सुटे इफ. सायक्लोमॅटिक ९, म्हणजे मर्यादेच्या आत. खोली नाहीच, त्यामुळे कॉग्निटिव्ह मापही गप्प. पण आठही अटी एकमेकींपासून स्वतंत्र असल्याने या फंक्शनमधून जाण्याच्या संपूर्ण वाटा दोनाचा आठवा घात, म्हणजे २५६. हे एनपाथ नावाचं माप, ब्रायन नेजमे यांचं, १९८८ चं. पीएचपीएमडीत त्याची मर्यादा २०० असते. या २५६ वाटांमधल्या कितींचा विचार लिहिणाऱ्याने केला असेल? बहुधा नवांचाच: एकही सण नाही, किंवा आठांपैकी एक. दोन सवलती एकाच दिवशी पडल्या तर काय, हा प्रश्न कोडमध्ये कुठेच विचारलेला नव्हता. अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई दरवर्षी एकमेकींवर चढतात, आणि त्या दिवसांत गिऱ्हाइकाला दोन्ही सवलती मिळत होत्या. काकांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ जुन्या बिलांकडे बघत राहिले.

चौथी मोजणी कोडची नव्हती, कोडच्या इतिहासाची होती. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, त्याच्या लॉगमधून गेल्या दोन वर्षांत कोणती फाइल किती वेळा बदलली ते काढलं आणि गुंतागुंतीच्या यादीशेजारी ठेवलं. मला विचाराल तर ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी. जी फाइल गुंतलेली आहे आणि सतत बदलते, ती पैसे खाते. जी गुंतलेली आहे पण शांत पडून आहे, तिला सध्या राहू द्यावं. दोन्ही याद्यांत वर असलेल्या फाइली मोजक्याच निघाल्या: एकूण रक्कम, सणांच्या सवलती, बिलाची पीडीएफ आणि परतावा. चौघींचा विषय एकच होता. वस्तूची खरी किंमत किती आणि तिच्यावर कर किती, हे चौघीही आपापल्या पद्धतीने ठरवत होत्या.

धंद्याची गुंतागुंत आणि आपली गुंतागुंत

इथे कोड बाजूला ठेवून वहिनी आणि दुकानाचे सीए यांच्याबरोबर बसलो. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरच्या अडचणींचे दोन भाग केले होते: विषयातच मुरलेल्या आणि आपण हातांनी आणलेल्या. पहिल्या प्रकारची गुंतागुंत कोणत्याही रिफॅक्टरिंगने, म्हणजे कोडचं काम तेच ठेवून त्याची रचना सुधारल्याने, जात नाही. ती किती आहे हे आधी कळलं नाही तर माणूस तीही कापायला जातो आणि हिशेब चुकवून बसतो. म्हणून कायदा आणि व्यवहार मिळून खरोखर काय मागतात, ते आम्ही साध्या मराठीत कागदावर लिहून काढलं.

शिवलेल्या कपड्याचा दर त्याच्या विक्रीमूल्यावर ठरतो. बिलातच दाखवलेली सवलत मूल्यातून वजा होते. म्हणजे आधी सवलत, मग दर. हा क्रम उलटा झाला तर फरक पैशांचा राहत नाही, शेकड्यांचा होतो. एक उदाहरण आम्ही सगळ्यांसमोर सोडवलं. करापूर्वीच्या किमती धरा. साडी ४,०००, कुर्ता २,७००, आणि पूर्ण ऑर्डरवर ५०० रुपयांचं कूपन. कूपन किमतीच्या प्रमाणात वाटलं तर कुर्त्याच्या वाट्याला २०१ रुपये ४९ पैसे येतात आणि त्याचं मूल्य २,४९८ रुपये ५१ पैसे होतं. अडीच हजारांच्या खाली! कर ५ टक्क्यांनी १२४.९३. जुना कोड दर आधी ठरवायचा, कुर्त्याला १८ टक्के लावायचा आणि कूपन मागून वजा करायचा. त्याच मूल्यावर १८ टक्के म्हणजे ४४९.७३. एका कुर्त्यावर जवळपास ३२५ रुपयांचा फरक, आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशातून.

यापुढची अडचण अधिक खोल होती. दुकान किमती करासकट लिहायचं आणि कोड त्यातून कर मागे काढायचा. समजा कुर्त्यावर करासकट २,७९९ लिहिलंय. ५ टक्के धरून कर बाजूला काढला तर मूल्य २,६६५.७१ येतं, ते अडीच हजारांवर आहे, म्हणून ५ टक्के लागू शकत नाही. १८ टक्के धरून काढला तर २,३७२.०३ येतं, ते अडीच हजारांच्या आत आहे, म्हणून १८ टक्केही लागू शकत नाही. करासकट २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत लिहिलेल्या प्रत्येक किमतीचं हेच होतं. कोणताही दर धरा, उत्तर स्वतःलाच खोटं ठरवतं. जुन्या दरांतही अशीच एक पट्टी होती, १,०५० ते १,१२० ची. जुन्या कोडमधली सगळ्यात घट्ट गाठ तिथेच सापडली. एक दर लावून पाहायचा, जमला नाही तर दुसरा, तोही जमला नाही तर पहिल्याकडे परत, आणि या सगळ्याभोवती काही नगांसाठी हाताने घातलेले अपवाद. लिहिणाऱ्याचा दोष फार नव्हता, तो उत्तर नसलेलं गणित सोडवत बसला होता.

ही गाठ कोडमध्ये सुटणारी नव्हती. ती सुटली टेबलावर. सीए म्हणाले, “किमती करापूर्वीच्या ठेवा. सवलत त्यावर द्या. मग दर एकच निघतो, नेहमी.” करापूर्वीचं मूल्य मर्यादेच्या आत असतं किंवा बाहेर, मधलं काही नसतं. गिऱ्हाइकाला दिसणारी किंमत करासकटच दाखवायची, पण डेटाबेसमध्ये साठवायची करापूर्वीची. काकांनी एकच शंका काढली: कूपनने कुर्ता मर्यादेखाली आला तर गिऱ्हाइकाला जाहिरातीपेक्षा जास्त फायदा होईल. होतोच. करासकट ३,००० चा कुर्ता मुळात २,५४२.३७ चा, दहा टक्के सवलतीनंतर २,२८८.१३ आणि ५ टक्के करासह २,४०२.५४. “तो फायदा कायद्याने त्याचाच आहे, राहू दे,” काका म्हणाले. एवढ्या वाक्याने कोडमधल्या डझनभर अटी अनावश्यक झाल्या. या प्रकरणात गुंतागुंत सगळ्यात जास्त कमी करणारा निर्णय हाच, आणि त्यात एकही ओळ लिहावी लागली नाही.

कागदावर आणखी तीन गोष्टी आल्या. दर ऑर्डरच्या तारखेवर ठरत नाही. माल आणि बिल दोन्ही २२ सप्टेंबरचे किंवा त्यानंतरचे असतील तर पैसे आधी आलेले असले तरी नवा दर. दुकान बिल पाठवणीच्या दिवशी करतं, त्यामुळे २० तारखेला पैसे भरलेल्या पण २२ नंतर पाठवलेल्या १,८०० च्या कुर्त्याला १२ टक्क्यांऐवजी ५ टक्केच लागायला हवे होते, आणि फरक परत द्यायला हवा होता. दुसरी गोष्ट क्रेडिट नोटची: ती मूळ बिलाच्या दरानेच व्हायला हवी. तिसरी, राज्य. माल जिथे पोहोचतो त्या राज्यावरून ठरतं की केंद्र-राज्याचा जोडकर लागेल की आंतरराज्यीय कर. कार्ट पाठवणीचा पत्ता बघत होती, बिल पैसे भरणाऱ्याचा. इंदूरच्या काकूंनी ठाण्याच्या भाचीला साडी पाठवली की दोन्हीकडे रक्कम तीच, पण कराचा प्रकार वेगळा.

दुरुस्ती

टेस्ट, म्हणजे कोड अपेक्षित उत्तर देतो का हे आपोआप तपासणारी चाचणी, एकही नव्हती. अशा वेळी कोडला हात लावण्याआधी तो आज काय करतो याची नोंद हवी, बरोबर-चूक नंतर पाहता येतं. गेल्या वर्षभरातल्या ऑर्डरी घेतल्या, त्यातून नाव, फोन, पत्ता काढून टाकला, फक्त राज्य, वस्तू, किमती, कूपन आणि तारखा ठेवल्या, आणि जुन्या फंक्शनमधून चालवून प्रत्येकीचं उत्तर फाइलमध्ये साठवलं. पुढे प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी. जिथे उत्तर बदललं ती ऑर्डर वहिनींकडे जायची आणि त्या सांगायच्या: जुनं चूक होतं, किंवा नवं चूक आहे. यातून आम्हाला तयार टेस्ट मिळाल्या आणि वहिनींना जीएसटी विवरणात दुरुस्त करायच्या बिलांची यादी मिळाली.

टेस्ट आधी का, यालाही आकड्याचा आधार आहे. अल्बर्टो सावोया आणि बॉब इव्हान्स यांचं क्रॅप नावाचं माप गुंतागुंत आणि टेस्ट एकत्र बघतं: गुंतागुंतीचा वर्ग, गुणिले टेस्ट नसलेल्या भागाचा घन, अधिक गुंतागुंत. आपलं ३४ चं फंक्शन टेस्टशिवाय ११५६ + ३४, म्हणजे ११९०. शंभर टक्के टेस्ट लिहिल्या तर ३४. मर्यादा ३० मानतात. म्हणजे नुसत्या टेस्टनेही हे फंक्शन वाचणार नव्हतं, तोडावंच लागणार होतं. पण टेस्टशिवाय तोडायला गेलो असतो तर काय तुटलं हेही कळलं नसतं.

तोडताना ओळी मोजून तुकडे केले नाहीत. कागदावरच्या पायऱ्या होत्या त्याच फंक्शनच्या पायऱ्या झाल्या: कूपन वस्तूंवर वाटणं, दर शोधणं, कर काढणं, राज्यावरून कराचा प्रकार ठरवणं, बेरीज. आता वहिनी कोड न वाचताही सांगू शकतात की गडबड कोणत्या पायरीत आहे. दरांच्या अटी कोडमधून काढून तक्त्यात नेल्या:

| प्रकार | कधीपासून | मूल्याची मर्यादा (नगामागे) | मर्यादेपर्यंत | मर्यादेपुढे |
|---|---|---|---|---|
| साडी, न शिवलेलं कापड | १ जुलै २०१७ | नाही | ५% | ५% |
| शिवलेले कपडे | १ जुलै २०१७ | ₹१,००० | ५% | १२% |
| शिवलेले कपडे | २२ सप्टेंबर २०२५ | ₹२,५०० | ५% | १८% |

जुनी ओळ पुसलेली नाही. पुसली असती तर ऑगस्टच्या कुर्त्याची क्रेडिट नोट पुन्हा चुकली असती. दर शोधणारं फंक्शन प्रकार, मूल्य आणि लागू तारीख मागतं आणि तक्त्यातून दर देतं. त्याची सायक्लोमॅटिक संख्या ४ आहे, आणि उद्या दर पुन्हा बदलले तरी ४ च राहील. तक्त्यात एक ओळ वाढेल आणि ती वहिनी स्वतः ॲडमिनमधून घालतील.

सणांच्या सवलतींचं तसंच झालं. आठ इफच्या जागी एक तक्ता, प्रत्येक सवलतीची सुरुवात आणि शेवटची तारीख, आणि एकच नियम: एका दिवशी अनेक लागू असतील तर सगळ्यात मोठी द्यायची. २५६ वाटा गेल्या. हा नियमही काकांनी ठरवला, आम्ही फक्त विचारला.

कूपन वाटताना पैशांचा प्रश्न आला. १०० रुपयांची सवलत तीन सारख्या ब्लाउजवर वाटली की ३३.३३ गुणिले तीन, ९९.९९ होतात आणि एक पैसा उरतो. जुन्या कोडमध्ये तो उरलेला पैसा झाकायला ठिकठिकाणी राउंडिंग केलेलं होतं आणि प्रत्येक राउंडिंगभोवती एक इफ. आता सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवली जाते, आणि उरलेला पैसा ज्या वस्तूचा अपूर्णांक मोठा तिला जातो, अपूर्णांक सारखे असतील तर यादीतल्या पहिलीला.

खोल गेलेले इफ बहुतेक साध्या उपायाने वर आले. कार्ट रिकामी असेल, कूपन संपलेलं असेल, पिनकोडवर पाठवणी नसेल, अशा अटी सुरुवातीलाच तपासून तिथूनच परतायचं. मग मुख्य काम डाव्या कडेला सरळ वाचता येतं. कुणीच वापरत नसलेला कोडही निघाला, त्यात कधीच्या बंद पडलेल्या एका पेमेंट गेटवेचा भाग होता. तो हलवताना डेव्हलपर जरा घाबरत होता. गिटमध्ये सगळं राहतं, लागलं तर परत आणू, असं म्हणून त्याच्याच हातून तो काढून टाकला.

नंतरचे आकडे

एकूण रकमेचं ३४ चं फंक्शन आता नऊ छोट्या फंक्शनांत आहे आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याची सायक्लोमॅटिक संख्या ७ आहे. कॉग्निटिव्ह मापाने एकही १५ च्या वर नाही. एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी, कारण अहवालांत ती बहुधा लपते: प्रत्येक फंक्शनची मोजणी एकपासून सुरू होत असल्याने नुसते तुकडे केले की बेरीज कमी न होता वाढतेच. आपल्याकडे बेरीज खाली आली ती फक्त तक्त्यांमुळे आणि काढून टाकलेल्या कोडमुळे. तुकड्यांनी वाचणं सोपं झालं, आणि दोन्ही कामांचं श्रेय वेगवेगळं मोजायला हवं.

आकडा हेच ध्येय केलं तर काय होतं, याचाही नमुना समोर आला. परताव्याचं फंक्शन १० च्या खाली आणायच्या घाईत त्याचे ‘भाग एक’ आणि ‘भाग दोन’ झाले होते, आणि दोघांमध्ये अकरा व्हेरिएबल इकडून तिकडे जात होती. साधनाने हिरवा दिवा दाखवला. वाचणाऱ्याचं काम मात्र दुप्पट झालं, कारण आता दोन फाइली उघडून अकरा नावं डोक्यात ठेवावी लागत होती. ते परत जोडलं आणि पायऱ्यांप्रमाणे नव्याने तोडलं. त्या दिवसापासून नियम ठरला: ज्या तुकड्याला धंद्यातलं नाव देता येत नाही, तो तुकडा करायचा नाही.

पुढे राखण कशी करायची, हे छोट्या दुकानात अवघड असतं. सगळा जुना कोड १० च्या आत आणायचं म्हटलं तर वर्ष जाईल आणि नवं काही होणार नाही. पीएचपीएमडीत आजच्या सगळ्या त्रुटींची यादी आधाररेषा म्हणून गोठवता येते. तशी गोठवली. नव्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या नव्या बदलात, नवी त्रुटी आली तर ती अडते, जुन्या सोडल्या जातात, आणि एखादी जुनी दुरुस्त झाली की तिचं नाव यादीतून काढायचं. शिवाय प्रत्येक कमिटला जुन्या ऑर्डरींची चाचणी चालते. एवढं पुरतं.

दिवाळीनंतर ऑगस्टमधला एक कुर्ता परत आला. क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघाली आणि वहिनींना कुणाला फोन करावा लागला नाही. चंदेरी दुपट्ट्यांचा नवा प्रकार आला तेव्हा त्याचा दर कोणता, हे ठरवायला सीएंना विचारावं लागलं. कोडमध्ये मात्र फक्त प्रकाराचं एक नाव वाढलं.

कुरिअरचं फंक्शन अजून २६ वर आहे. पिनकोड, वजन, रोखीने वसुली, परत आलेलं पार्सल, सगळं एकाच ठिकाणी. पण गेल्या दोन वर्षांत ते एकदाच बदललंय, आणि तेही मोफत घरपोचच्या हजारासाठी, जो आता सेटिंगमध्ये आहे. डेव्हलपरला ते लगेच साफ करायची इच्छा होती. काकांशी बोलून ठरलं की कुरिअर कंपनीशी करार बदलेल किंवा दुसरी कंपनी जोडायची वेळ येईल, तेव्हा त्याला हात लावायचा, आणि आधी त्याच्या ऑर्डरींची चाचणी लिहायची. ते तसं आधाररेषेच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहून ठेवलंय.